दुसऱ्या अंकातला शहाणा

इनामदार सरांनी नाटक लिहिलंय. त्यात माझ्यासारखा एक आहे.
म्हणजे तेच म्हणाले, "तुझ्यासारखा. तुलाच जमेल."
मी उद्यमनगरात लेथ चालवतो, सातला सुटतो,
हाताचा ऑइलचा वास घासून घासून तालमीला येतो.
माझ्यासारखा जो आहे, त्याच्या हाताला मात्र
पहिल्या प्रवेशापासून चाफ्याचा वास.

त्याचं नाव निशू. आडनाव नाही.
घर कुठल्या पेठेत, भाडं किती, आई काय बोलते, काही नाही.
ईशानी रडली की तो उगवतो,
चहा करतो (दोन अंकांत सतरा वेळा चहा करतो)
आणि मग असं काहीतरी बोलतो
की अंधारात माना हलाव्यात:
"प्रेम म्हणजे दार नव्हे गं, उंबरा."
सर म्हणतात, इथं टाळी आहे.
मला त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

"सर, दुसऱ्या अंकानंतर हा कुठं जातो?"
"जातो म्हणजे?"
"तिचं लग्न जुळवलं त्यानं. मग रात्री जेवतो कुठं?
कुणाच्या शेजारी झोपतो?"
सरांनी वहीत बघितलं, जणू तिथं पत्ता असेल.
"अरे, त्यानं खूप सोसलंय. म्हणून तर त्याला सगळं कळतं."

सोसून कळत असतं
तर फाउंड्रीतला दगडू एव्हाना मठाधिपती झाला असता.

बाहेर तरी वेगळं काय आहे?
भाची विचारते, मामा, हा मुलगा बरा वाटतो का.
बायको माहेरी गेली की सर्जेराव
माझ्या स्टुलाशेजारी येऊन बसतो, "तुला बायकांचं कळतं."
मला बायकांचं काही कळत नाही.
पुरुषांचंही नाही.
मला कळतं बिडाच्या तुकड्यातलं
अर्ध्या सुताचं वाकडेपण.

आणि हिंदुराव खोत.
एकेकाळचा पेठेच्या टीमचा गोलकीपर,
आता जिना चढताना डावा गुडघा वाजतो.
रात्री गंगावेशीत म्हशीसमोर उभं राहून
आम्ही धारोष्ण दूध पितो, फारसं न बोलता.
चार वर्षं झाली.
तो ओठावरचा फेस मनगटानं पुसतो,
आणि मी, सतरा चहांचा निशू,
"बराय मग" म्हणून गाडीला किक मारतो.

रंगीत तालीम होती.
मगदुमांची प्राजू, म्हणजे ईशानी,
खांद्यावर डोकं टेकून हुंदका देते: "निशू, मी काय करू?"
उंबऱ्याचं वाक्य ओठाशी आलेलं.
आणि मी म्हणालो, सरांनी महिनाभर घासून काढलेल्या
माझ्या घरच्या बोलीत,
"मला न्हाई ठावं."
विंगेतनं कुणीतरी वाक्य पुरवलं. पुन्हा पुरवलं.
"खरंच न्हाई ठावं, प्राजू.
माझंच एकाला विचारायचं ऱ्हायलंय."

तिनं रिकामा कप खाली ठेवला.
वहीत नसलेलं म्हणाली:
"कोण आहे?"

इतक्या तालमींत
निशूला कुणी निशूबद्दल विचारलेला
तो पहिला प्रश्न.

सर ओरडले. दिवे लागले. प्रवेश पहिल्यापासून घेतला.
स्पर्धेत मी मुकाट उंबराच बोललो,
आणि टाळी पडली. सर खोटं बोलत नव्हते.

मेकअप पुरता न काढताच गंगावेस गाठली.
हिंदुराव म्हणाला, "तोंडाला काय फासलंयस?"
"रंग," मी म्हणालो. "शहाण्या माणसाचा."
तो हसला. खिशातनं रुमाल काढला, मळकाच,
"थांब, कानामागं राहिलाय."

गवळी पुढचा ग्लास भरत होता.
म्हैस रवंथ करत आमच्याकडं बघत होती.
मला पुढचं वाक्य येत नव्हतं
आणि विंगेत कुणी नव्हतं.