निळे, जाड, मापाचे

शारजाच्या सनैयात पेवेकरचाचांनी
माझा पंजा उलटसुलट पाहिला,
मासळी पाहावी तसा.
"लॅटेक्स नको. थिनर लागला की
जिलेबीच्या पिठागत लोंबतं.
सुती तर नकोच.
एक तूस क्लिअरकोटवर बसलं
की अख्खं बॉनेट पुन्हा घास.
निळे घे, नायट्राइलचे, जाड.
आणि मापाचे. सैल बोटाचं टोक
ओल्या रंगाला आपल्याआधी शिवतं."

त्यांच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत.
विमानतळावरचं यंत्र दर खेपेला
त्यांना पुन्हा पुन्हा बोट पुसायला लावतं.

अठ्ठावीस दिरहम. मी घासाघीस केली नाही.

संध्याकाळी मोजा सोलला.
आत हात पांढराफटक, सुरकुतलेला,
दिवसभर खाडीत कालवं काढल्यासारखा.
अंगठा ट्यूबलाइटखाली धरला.
वलयं होती.
नखानं मोजून पाहिली.