पारा चढला की पाणी उतरतं

आमच्या किनाऱ्यावर चंद्राला फारसं कोणी विचारत नाही.
भरती-ओहोटी इथे वीतभर.
पाणी खरं उतरतं ते हवेचा दाब वाढला की,
मार्चच्या कोरड्या, निळ्या, कान कापणाऱ्या थंडीत.
म्हणून स्वयंपाकघरात अजून टांगलेली आहे
तुर्बियॉर्नची पाऱ्याची नळी.
तो रोज सकाळी तिला टिचकी मारायचा,
आता मी मारते.

आज पारा वर.
बूट, हातोडा, जाड हातमोजे, थर्मास.

खाडीच्या तोंडाशी खडक उघडे पडलेत
आणि खडकांवर ती.
कालवं, पण आमची नव्हेत.
आमची चपटी, गोल, खोल पाण्यात मुकाट बसणारी.
ही लांबोडकी, चुण्या पडलेली, उभीच्या उभी,
एकाच्या पाठीवर दुसरं, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरं,
आणि कडा अशा, की पाव कापावा.

मला ती आधी भेटली पायांमधून.
शाळेत परिचारिका होते मी.
त्या उन्हाळ्यात पोरं पोहायला गेली
आणि लंगडत आली.
टाचा, अंगठे, एकीचा गुडघा.
चिमट्याने काढलेली चकती उजेडात धरली,
आतून दुधासारखी पांढरी.
कोणालाच नाव सांगता येईना.

मग तुर्बियॉर्नची शिणाण्यांची शेती.
दोऱ्यांवर ही, पिंपांवर ही,
पिंपं वजनाने पाण्याखाली गेली
आणि तो धक्क्यावर बसून
सगळ्या शिव्या एकाच दमात देऊन मोकळा झाला.
"खा की," लोक म्हणायचे, "हॉटेलवाले पैसे देतात."
त्याने मरेपर्यंत तोंडात घातलं नाही.

बूदिल आली आहे, सरकारी जाकिटात,
हातात पाइपांची चौकोनी चौकट.
खडकावर टाकते, आतलं मोजते.
जिवंत. जिवंत. मेलेलं. जिवंत.
मेलेल्यावर टकटक केलं
तर रिकाम्या खोलीसारखा आवाज येतो.
"काढून संपायची नाहीत," ती म्हणते,
"एकेक लाखांनी अंडी सोडतं.
आपण जागा राखायच्या. पोरांचा घाट,
शिणाण्यांचा उथळा, चपट्यांचा तळ.
आणि जे फोडायचं ते आत्ताच,
पाणी कोमट व्हायच्या आत."

मी फोडते. ठक्. खारं पाणी चेहऱ्यावर.
ठक्. बोलता बोलता बोलून जाते,
"कुठून कुठून येतात मेली,
आणि इथेच घर करतात!"

हातोडा हवेतच राहतो माझा.
बूदिल मान वर करते.
काळे केस, टोपीखालून सुटलेले.
"मीही तिकडचीच," ती म्हणते,
"आठ महिन्यांची, विमानातून, टोपलीत घालून."
मग हसते, नाक पुसते बाहीला.
"पण कालव हे कालवच असतं, अल्फहिल्ड.
त्याची उपमा केलीस की माझी मोजणी चुकते.
एकशे नव्वदवर होते ना मी?"

होती. पुढे दोनशे चौदा निघाली.

आणि शेवटच्या झुबक्यात, मी नेम धरला तेव्हा,
परक्याच्या शिंपल्याला बिलगलेलं
नखाएवढं चपटं पोर.
आमचं.
दोघी वाकून बघत राहिलो,
श्वासाची वाफ एकमेकींच्या चष्म्यावर.
तिच्या कागदावर याला रकानाच नव्हता.
तिने समासात लिहिलं.
तो झुबका आम्ही तसाच ठेवला.

थर्मास उघडला. बूदिलने सुरी फिरवली,
एक मला, एक तिला,
लिंबू नाही, काही नाही.

संध्याकाळी नळीला टिचकी मारली.
पारा खाली चालला होता,
रात्रीत पाणी सगळ्यावर येईल.
उभी राहिले जरा वेळ, बूट न काढता.
चव चांगली होती रे, तुर्बियॉर्न.