शेवटची पटलेली ओळ

दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो.
एकदा तहान नसताना नळाचं पाणी प्यायलो,
एकदा फळ्यावरच्या चिठ्ठ्या वाचत उभा राहिलो:
कुणाचं मांजर हरवलंय, कुणाला खोली भाड्याने द्यायचीय.
तिसऱ्यांदा दोऱ्याला बांधलेल्या पेनाने
मंगळवार, चार वाजता, या रकान्यात लिहिलं:
एल्डन हापाला. बीजगणित.
वयाचा रकाना नव्हता. बरं झालं.

खोली ग्रंथालयाच्या तळघरात, बॉयलरला लागून.
खिडकी एकच, तीही अर्धी बर्फात गाडलेली.
डुलुथचा फेब्रुवारी कसा असतो, ते सरोवराला विचारावं
तर त्याचंच तोंड गोठलेलं.
समोर बाओ शियोंग, वय वीस,
माझ्या धाकटीहून वर्षानेच मोठी.
"कुठे अडलं?"
"सगळंच."
"सगळंच असं कधी अडत नाही," ती म्हणाली,
"शेवटची पटलेली ओळ दाखवा."

तेवीस वर्षं मी गोदीत जहाजांवर लोहखनिज चढवलं.
पट्टा अडला की आम्ही हेच करायचो,
उलटं चालत जायचो,
माल जिथपर्यंत नीट येतोय तिथपर्यंत.
वहीतही असं चालतं
हे कुणी बोललं नव्हतं.

पहिले काही मंगळवार मी वाया घालवले.
कोरा कागद घेऊन जायचो
आणि तिने सोडवून द्यावं म्हणून बघत बसायचो.
एक-दोनदा तिने सोडवलंही.
तिचा हात चालताना सगळं कळायचं,
गाडी सुरू होईपर्यंत काही उरायचं नाही.
मग एके दिवशी तिने पेन्सिल माझ्या बाजूला सरकवली
आणि गप्प बसली.
गप्प बसणं तिला फार चांगलं येतं.
मिनिटभर, दोन मिनिटं. बॉयलर तेवढा बोलत होता.
मी काहीतरी लिहिलं. चुकलं.
"हं," ती म्हणाली, "आता आपल्याकडे काहीतरी आहे."

त्यानंतर घरून डबा न्यावा तशा मी चुका नेऊ लागलो,
रात्रीच्या, शिळ्या, कुठे कुठे करपलेल्या.

सहामाहीत अठ्ठावन्न.
पेपर चुरगळून गाडीत टाकला होता, तिने तो मागवला.
टेबलावर तळहाताने सरळ केला.
अकरा गुण एकाच जागी सांडले होते:
कंसाबाहेरचं उणे.
"हे नुसतं पहिल्यालाच लागत नाही," ती म्हणाली,
"कंस सुटला की आतल्या प्रत्येकाचं चिन्ह बदलतं."

पार्किंगमध्ये इंजिन तापेपर्यंत
मी त्या एका आडव्या रेघेकडे बघत राहिलो.
गोदीने आम्हाला कमी केलं ते पत्र ऑक्टोबरात आलं.
मला वाटलं, गेला तो पगार.
पण आत बाकीचं पण होतं ना:
पहाटे पाचला आपोआप उघडणारे डोळे,
शुक्रवारचे मासे, मार्नीचा आवाज,
मी घरी असणं.
जे अधिक होतं ते सगळं
एकेक करून फिरलं,
आणि मी पहिल्याचंच चिन्ह बदलून
पुढचं गणित करत बसलो होतो.

हे बाओला सांगितलं नाही.
तिचा वेळ पंचेचाळीस मिनिटांचा,
आणि माझ्यामागे एक मुलगा रसायनशास्त्र घेऊन उभा असतो.

काल रात्री दोन वाजता, स्वयंपाकघरात,
नवव्या उदाहरणात तेच उणे पुन्हा निसटलं.
या वेळी मीच पकडलं.
सांगायला कुणी नव्हतं, म्हणून फ्रिजकडे बघून मान हलवली.
मार्नी दारात आली, अंगावर माझा जुना स्वेटर.
"अडलंय का काही?"
हो म्हणालो. मग म्हणालो,
"आपली शेवटची पटलेली ओळ कुठली गं?"

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली,
जणू ते तिथेच कुठे लिहिलेलं असावं.
मग खुर्ची ओढून बसली.

फ्रिज घरघरत राहिला.
मी गप्प राहिलो.
एवढं मात्र शिकलोय.