सतरा नंबर

मंगळवारच्या बाजारात माझं दुकान म्हणजे
एक छत्री, एक स्टूल, आणि पत्र्याच्या पेटीत
पाच गावांतल्या म्हाताऱ्यांची तोंडं, प्लॅस्टरमध्ये.
कवडूजी डंभारेंचा खालचा जबडा
तीन आठवडे झाले, उधारीपायी तिथेच आहे.
कवडूजी येतात, शेजारी बसतात,
त्याची चौकशी करतात, जातात.

त्या दिवशी एक पोरगी आली.
तोंड उघडलं नाही, खोकं उघडलं.
शकूर कबाडीकडून वजनावर घेतलेलं.
झाकणावर ढग फाडून निघालेलं विमान,
आत राखाडी फ्रेमला लटकलेले
तोडायचे राहिलेले तुकडे.
"सतरा नंबर नाही," ती म्हणाली,
"अन् काच नाही.
अन् मंधात बसते तो माणूस नाही."

मी म्हटलं, बाई, मी दात करतो.
ती म्हणाली, "हाव. थेच तं."

कागदावरची लिपी मला वाचता आली नाही,
बाण आले.
सतराचा बाण डाव्या पंखाखाली जात होता
आणि तिथे भोक होतं, नीट, गोल,
काढलेल्या दाढेच्या जागेसारखं,
फक्त दुखत नव्हतं.

उजवी तंगडी होती, चाकासकट.
तिचा साचा घेतला की डावी झाली, असं वाटतं.
होत नाही. एक त्यात वाया गेली.
मग गिऱ्हाइकाला त्याचं नवं हसू दाखवायचा आरसा
गुडघ्यावर उभा केला,
त्यात उजवी धरली
आणि आरशातली कोरली.

माझ्याकडे रंग दोनच, दाताचा आणि हिरडीचा.
दाताची पावडर कवडूजींच्या नावाची, मोजून ठेवलेली.
म्हणून विमानाची डावी तंगडी हिरडीच्या रंगाची.
"रंग मारू का वरून?"
ती बराच वेळ बघत राहिली.
"राहू द्या. कोणती आपण केली थे समजते."

काचेला सागाचा ठोकळा घासला, बोटाच्या पेराएवढा,
पाण्याच्या बाटलीत कोंबला, मेणबत्तीवर फिरवला.
पहिली बाटली धुरकटली.
दुसरीला भोक पडलं.
तिसरीच्या वेळी वांगीवाली उठून बघायला आली
आणि वारा अडला, म्हणून जमलं असावं.
प्लॅस्टिक आकसलं, ठोकळ्याला बिलगलं,
कापून काढलं तर आरपार दिसत होतं
बाजार, वाकडा, पण सगळा.

राहिला माणूस.
झाकणावर लिहिलं होतं एकास बहात्तर.
पोरीने वहीच्या मागे भागाकार केला,
म्हणाली, बसलेला दीड सेंटिमीटर धरा.
कोणासारखा करू, ते कागदावर नव्हतं.
समोर स्टुलावर कवडूजी होते,
हनुवटी नाकाला भेटायला निघालेली,
गाल आत, कानांवर दुपट्टा.
हात चालू होता, डोळ्यांना जे दिसलं तेच उतरलं.
त्यांच्याच डब्यातली चिमूटभर पावडर,
त्यांचंच तोंड.

पोरीने चिमट्यात धरून उन्हात नेला.
"हा तं बोळका आहे."
"लढाई संपली असंल त्याची," मी म्हटलं.
तिने तो बसवला, वर काच लावली.
पैसे नव्हते. रिकाम्या फ्रेमा ठेवून गेली,
त्या तापवून ओढल्या की केसासारखी तार निघते,
कशाला लागेल माहीत नाही, पेटीत आहे.

पुढच्या मंगळवारी फक्त सांगायला आली,
"थोडं डावीकडं कलते."
मला ते माहीत होतं.

कवडूजींनी विमान हातात घेतलं,
गुलाबी तंगडीवरून अंगठा फिरवला,
काचेला डोळा लावला.
"म्या हाय हा?"
त्यांच्या पावडरीचे वीस रुपये
उधारीतून कमी केले होते, ते सांगितलं.
त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं.
"माहं तोंड काहून बंद केलं रे?"

उघडं ठेवलं असतं, कवडूजी,
तर त्यात दात बसवायला लागले असते.