अडथळा : इतर

माझ्या धंद्यात सगळं वजामध्येच मोजतात.
वजा चाळीस म्हणजे उत्तम, वजा साठ चालून जातं,
वजा पंच्याऐंशीला स्क्रीनवर चाक फिरत राहतं
आणि माणूस मला फोन करतो.

उदगीरात दोनशे अकरा घरं जोडलीत मी.
कुणाचा राउटर टीव्हीमागं, कुणाचा लोखंडी कपाटात कुलूपबंद,
पोरं हात लावतात म्हणून.
एका घरी त्याला क्रोशाची झालर घातलेली.
मी सांगतो, उंच ठेवा, उघडा ठेवा, घराच्या मधोमध ठेवा.
लोक हो म्हणतात.
पुढच्या वेळी तो पुन्हा कपाटात.

कलशेट्टींच्या घरची तक्रार मात्र तऱ्हेवाईक.
दर दहा-बारा दिवसांनी उठणारी,
चार-पाच दिवस राहून आपोआप उतरणारी,
हिवतापासारखी.
मी केबल बदलली, डबा बदलला,
चॅनेल एकवरून अकरावर नेला,
शेजारच्या मेडिकलवाल्याचं नेट आडवं येतंय म्हणालो.
मेडिकलवाल्यानं ते मनावर घेतलं, एवढंच झालं.

शिवलीलाताई आतल्या खोलीत
कुठल्यातरी लांबच्या दवाखान्याचे रिपोर्ट टाइप करतात.
रात्री दहा ते दोन. उशीर झाला की पैसे कापतात.
त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढं धरलं.
दूधवाल्याच्या खाड्यांखाली निळ्या फुल्या, लाल फुल्या.
"निळी म्हंजे नळ आला. लाल म्हंजे नेट गेलं.
नळ येऊन गेला की नेट चालंना गेलंय, बघा."

अप्पा बाजेवरून हसले,
"आता नळातून येतंय का गं नेट?"
मीही हसलो. खोटं कशाला सांगू.
माझ्याकडं सर्टिफिकेट होतं.

निळ्या फुलीच्या दुसऱ्या दिवशी गेलो.
बोळीत, बैठक आणि त्यांची खोली यांच्या मधोमध
सात निळे ड्रम, चार घागरी, कूलरची टाकी, बाळाचा टब,
सगळं काठोकाठ.
तोंडाला जुन्या साड्यांची फडकी बांधून
खेटून उभं अकरा दिवसांचं पाणी.
मोबाइल हातात धरून चालत गेलो.
उंबऱ्यापाशी वजा पन्नास,
तिसऱ्या ड्रमपाशी वजा एकाहत्तर,
टबाच्या पलीकडं वजा अठ्ठ्याऐंशी.
विटांच्या भिंतीतून निघून आलेली लहर
इथं येऊन पाण्यात विरघळत होती,
गूळ विरघळावा तशी.

आंघोळी व्हायच्या, भांडी व्हायची,
ड्रम खाली जायचे,
तसतसं नेट पलीकडं पोचायचं.
रिपोर्ट वेळेवर जायला लागले
की घरात तांब्या मोजून द्यायची वेळ आलेली असायची.
दोन्ही सुखं एका आठवड्यात
ह्या घरात कधी आलीच नव्हती.

ड्रम हलवा, असं तोंडावर आलं होतं.
पण नळाची नळी बोळीपर्यंतच पोचते.
मग शिडी मागवली. अप्पांच्या डोक्यावरचा राउटर काढला
आणि बोळीत, वर, तुळईला ठोकला,
ड्रमांच्या माथ्यावरून सरळ आतल्या खोलीत बघेल असा.
"आन् माझ्या बातम्या?" अप्पा म्हणाले.
"तुम्हाला वजा अठ्ठावन्न पडतंय, अप्पा. चालून जातं."

ताई काही बोलल्या नाहीत.
लाल पेन उचललं
आणि सोनूच्या दप्तरात टाकून दिलं.

कंपनीच्या ॲपमध्ये कारण भरावं लागतं.
अडथळा : भिंत, फर्निचर, मायक्रोवेव्ह, इतर.
मी इतर निवडलं.
पुढच्या चौकटीत लिहिलं, पाणी.

संध्याकाळी हेड ऑफिसातून साहेबांचा फोन.
"पाणी म्हणजे? राउटरवर सांडलं का?"

"नाही सर.
भरलंय."