पाठकोरे कागद

चारशे बारा पानं. तिसरीचं अख्खं वर्ष
माझ्या मोबाइलात फुकट उतरलंय.
सक्करदऱ्याला निखारेभाऊ विचारतात, "रंगीत का साधं?"
रंगीत दहा. साधं दोन. पाठपोट काढलं तर तीन.
मी काउंटरशी उभ्याउभ्या कात्री चालवते:
मुखपृष्ठ नको. फुलांची किनार नको.
बर्फाचा माणूस? ना बाप्पा, इथं मे महिना आहे.
एका पानावर दोन बसवा, भाऊ,
पोरीचे डोळे चांगले आहेत अजून.

वजाबाकीचं एकच पान काढलं,
प्लास्टिकच्या पिशवीत घातलं;
रोज लिहायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं.
शंभरातून सदतीस किती वेळा गेले,
मोजलं नाही.

उरलेलं सगळं निखारेभाऊंच्या रद्दीवर.
कोऱ्या बाजूला गुणाकार,
मागे कुणाकुणाची बिघडलेली प्रतिज्ञापत्रं.

काल कूलरसमोर बसून
शाल्मलीनं पान उलटलं,
अडखळत वाचलं:
"मी... शपथेवर लिहून देते की
माझ्यावर कोणीही... जबरदस्ती केलेली नाही."
मग माझ्याकडे बघून,
"आई, हे कोणत्या विषयात येतं?"