पांढरी रेघ

बंदेनवाज उस्ताद आधी घोडा बघायचेच नाहीत.
क्वार्टर गेटाजवळच्या पत्र्याच्या शेडात
भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे,
म्हणायचे, चालव.
रस्त्यावरून टाप यायची,
टक, टक, टक, आणि एक जरा उशिरा.
"मागचा डावा. टाच उंच राहिलीय.
कानस कुणी फिरवली, तू?
घोडा बोंबलत नाही म्हणून काय झालं?"

पहिलं वर्षभर मला हातोडी मिळाली नाही.
भाता ओढला, लीद उचलली,
आणि पाय धरला.
पाय धरणं हाच अर्धा धंदा.
"गुडघ्यांत घे, पण आवळू नको.
त्याला वाटलं पाहिजे
की मागितला तर परत मिळेल."
लाल नाल खुरावर टेकली की पिवळा धूर उठायचा,
केस जळाल्यासारखा.
आई म्हणे, तुझ्या घासालाही खुराचा वास.

खूर उलटा केला की कडेने एक रेघ दिसते,
पांढरी, दोऱ्याएवढी.
रेघेच्या बाहेर मेलेलं, आत जिवंत.
खिळा बाहेर राहिला तर वाजतो,
घावागणिक वर चढत जातो त्याचा आवाज.
आत गेला
तर मुका होतो.

नव्या पोराला पहिल्याच दिवशी
ते तंबाखूच्या डबीतून एक वाकडा खिळा काढून दाखवत.
"हा मी मारला. चौऱ्याहत्तर साली, दिवाळीच्या तोंडावर.
स्टेशनच्या एका टांग्याची घोडी. गिऱ्हाइकं खोळंबलेली.
आवाज मुका आला. मी ऐकला.
ऐकून पुढचा घाव घातला."
मालकाचं नाव सांगत नसत.

मला माहीत होतं.
घोडीचं नाव हिना, मालक गेनबा खैरे, माझा बाप.
चाळीस दिवस टांगा दांड्या वर करून उभा होता
आणि रोज संध्याकाळी एक माणूस यायचा
सायकलच्या हँडलला हरभऱ्याची पिशवी अडकवून,
घोडीचा पाय मिठाच्या कोमट पाण्यात धरून बसायचा.
बाप बोलला नाही. तोही नाही.
हिनाने पाय टेकला त्या दिवशी
बापाने दोन चहा सांगितले
आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला,
हे जरा मोठं झालं की तुमच्याकडे.

मग टांगे गेले. स्टॅंडावर रिक्षा लागल्या.
उरले वरातीचे घोडे, मार्केट यार्डाचे चार बैल,
आणि पावसाळ्यात रेसकोर्स,
जिथे नाल ॲल्युमिनियमची, फुंकरीएवढी हलकी.
उस्ताद पंचावन्नाव्या वर्षी नव्याने शिकले,
स्वतःच्याच शागिर्दाकडून,
आणि त्याला उस्ताद म्हणाले, सगळ्यांसमोर.
एकदा जनावरांच्या डॉक्टरांनी व्याख्यानाला बोलावलं.
माइक बघून गप्प झाले,
मग म्हणाले, घोडा कुठाय?
देवयानी शिंगाडे नावाची एक मुलगी तेवढी हसली नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी शेडात येऊन भाता ओढायला लागली.

शनिवारी लोक यायचे, काळ्या घोड्याची नाल मागायला,
दाराला ठोकायची म्हणून.
देऊन टाकायचे. पैसे घ्यायचे नाहीत.
"झिजलेली आहे, साहेब. होतं नव्हतं ते
सोलापूर रस्त्याने घेतलं."

शेवटी कान गेले.
तरी रोज यायचे, खोक्यावर बसायचे,
मी खिळा मारताना खुरावर तळहात ठेवायचे.
डोळे मिटलेले.
एखाद्या घावाला हात तसाच राहायचा,
एखाद्याला बोटं उचलायची,
आणि मी तिथेच थांबायचो,
खिळा काढायचो.

आता ते नाहीत. ज्या सकाळी गेले
त्या सकाळीही तीन घोडे रांगेत होते.
देवयानीने दोन केले, मी एक.

डबी माझ्याकडे आहे.
गेल्या आठवड्यात घोरपडीचं एक पोरगं शिकायला आलं,
त्याला झाकण उघडून वाकडा खिळा दाखवला,
साल सांगितलं, घोडीचं नावही सांगितलं.
त्याने विचारलं, आणि हा दुसरा कुणाचा?

मी म्हटलं, आधी पाय धरायला शीक.